टोपीखालची अक्षरं

३ जून
घरातली पहिली पदवीधर आजपासून नोकरदार! आमच्या प्रयोगशाळेत बोलू न शकणाऱ्यांसाठी तारांची टोपी बनवतात. आई म्हणाली, एवढं शिकून लोकांना टोप्याच घालणार म्हण! अर्धांगाचा झटका आल्यापासून मुके झालेले बाबासुद्धा डोळ्यांनी हसले.
पडद्यावर अक्षरं लुकलुकतात. मनातलं अक्षर उजळलं की मेंदूत विजेची बारीकशी लाट उठते, टोपी ती टिपते. ही लाट माणसागणिक वेगळी. म्हणून आधी तासन्‌तास नोंदी घेऊन यंत्राला ती शिकवावी लागते.

११ जून
बाबांना टोपी घालून बघायला प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी परवानगी दिली. मला एकच शब्द हवाय, ‘ठमाबाई’. त्या नावानं मला फक्त तेच हाक मारायचे. पण नोंदी पुऱ्या होण्याआधीच त्यांची मान गळते.

१४ जून
एक युक्ती केली. इथे एक शिंपीकाका यायचे, मागे वारले. त्यांच्या नोंदींवर यंत्र तयार होतंच. त्यात बाबांच्या थोड्या मिसळल्या. मॅडमना सांगितलं नाही. आणि शब्द आले! ‘सुई कुठे ठेवलीस?’
बाबांनी जन्मात सुई धरलेली नाही.

१७ जून
‘काजं राहिली. दिवा लाव.’ मॅडमनी ओळखलं, ही शिंपीकाकांची बोली. खूप रागावल्या. मिसळलेलं सगळं पुसून नव्यानं सुरुवात कर म्हणाल्या.
बाबांकडे पाहिलं. ते माझ्या बाहीची शिवण निरखत होते.

१९ जून
बाबांची बोटं हलली! आई आनंदानं रडायला लागली. मी जवळ गेले —
बोटं दोरा ओवत होती. मी बाबा म्हणून हाक मारली. त्या डोळ्यांत माझी ओळखच नव्हती.

२० जून
दुपारी नोंदी पुसायला घेतल्या. टोपी टेबलावर, रिकामी. तरी पडदा उजळला —
‘ठमाबाई’
बाबा तर घरी आहेत. मग घरी कोण —
‘ठमाबाई, इथे काही दिसत नाही गं. घरी ने’
पुसणं थांबत नाहीये. सगळ्या कळा दाबल्या. मॅडमना हाका मारल्या, कुणी येत नाही. बाबांचे शब्द जातील म्हणून इथे उतरवतेय —
‘तुझी आई जेवली का’
हो बाबा, जेवली —
‘रडू नको. ठमाबा’
बाबा, मीच —
‘ठमा’
मीच पुसलं, मला वाटलं तो शिंपी —
‘ठ