प्रमिलाच्या डोक्याचं वेळापत्रक

५ जानेवारी, रविवार
नवीन वर्षाचा संकल्प: बायकोची, म्हणजे प्रमिलाची, अर्धशिशी मुळापासून उपटणार. लेकीने, सारिकाने, पुण्याहून मनगटी बँड पाठवलाय. झोप, नाडी, ताण मोजतो आणि डोकं उठण्याआधी वॉर्निंग देतो म्हणे. पाईप कंपनीच्या स्टोअरमध्ये मी बत्तीस वर्षं काढली, एक कपलिंग हरवू दिलं नाही. बायकोचं डोकं काय अवघड? बँड तिच्या हातात, ॲप माझ्या मोबाईलमध्ये.
संध्याकाळी गच्चीवर आमची दर रविवारची भरीत पार्टी. अकरा जण. वांगी कपाशीच्या काड्यांवरच भाजलेली. गॅसवरचं भरीत आपल्याला चालत नाही.

६ जानेवारी
प्रमिला अंधार करून पडून. ॲप हिरवं. बँड सैल असणार. घट्ट बांध म्हटलं.

१२ जानेवारी, रविवार, सायं. ६.३०
वाजला! लाल! प्रमिला वांगी भाजत होती. पाहुण्यांना मोबाईल दाखवला, सगळे थक्क. सुपडूनाना म्हणाले, तोतारामभाऊ, तुम्ही तर सायंटिस्ट. प्रमिलाचं एकच, ‘माले धूर सहन व्हत नही.’ बायकांना डेटा समजत नाही. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या संपेपर्यंत ती तळत होती. मग तिला उलटी झाली.

१९ जानेवारी, रविवार
पुन्हा साडेसहा, पुन्हा लाल. पॅटर्न सापडला! सोमवारच्या कामाची धास्ती. (तिला सोमवारी कसलं काम असतं, ते विचारायचं राहिलं.)

२० जानेवारी
नवा नियम केला: अलर्ट आला की तिने पाणी पिऊन आडवं व्हायचं. ती म्हणाली, मग वांगी कोण सोलेल? ॲपमध्ये या प्रश्नाला जागा नाही.

२६ जानेवारी, रविवार
पार्टी रद्द करावी असं दुपारी मनात आलं. पण लोकांना कळवून झालं होतं. शिवाय वांग्यांचा सीझन तो किती दिवसांचा!

२८ जानेवारी
मेहुणा अभिमन चोपड्याहून आला. बसलाही नाही. ‘अक्काले आठ दिन लई जास,’ म्हणाला आणि तिला घेऊन निघालाच. बँड काढू नकोस, असं मी तिला बजावलं. ॲप अभिमनच्या मोबाईलमध्ये टाकून दिलं. तो रोज स्क्रीनचा फोटो पाठवेल.

९ फेब्रुवारी, रविवार
बारा दिवस हिरवं! माझा उपचार लागू पडला. घरात मात्र फार शांत वाटतं. पार्टी नाही. भाजणार कोण?

१६ फेब्रुवारी, रविवार
तिला आणायला चोपड्याला गेलो. सोबत एक्केचाळीस पानांचा रिपोर्ट, रंगीत प्रिंट. अभिमनने डॉक्टरांची वेळ घेतली होती. डॉक्टरांनी फाईल बाजूला ठेवली आणि मला विचारलं, कुठली बाजू दुखते? मी म्हणालो, उजवी. दुखण्याआधी डोळ्यांपुढे काही दिसतं का? मी म्हणालो, काही नाही.
प्रमिला हळूच म्हणाली, डावी. आणि चमकत्या वाकड्या रेघा दिसतात. एकोणीस वर्षं.
इतकी वर्षं एका घरात, आणि मला बाजू माहीत नव्हती. फार लाज वाटली. तिचं सगळं ऐकून डॉक्टरांनी सांगितलं, आधी धूर बंद करा.
बाहेर आल्यावर तिला म्हटलं, पार्टी कायमची बंद, घरी चल. ती म्हणाली, अजून राहते. कधी येशील विचारलं, तर म्हणाली, बघू. रागावली असती तर मी समजूत काढली असती. ती रागावलीच नव्हती. मला रडू आलं, रुमाल काढून खोकल्याचं निमित्त केलं.
स्टँडवर सोडायला आली. एसटीत चढताना तिने विचारलं, तुमची संध्याकाळची बीपीची गोळी खिशात आहे ना?
नव्हती.