टॉवेलात बांधलेलं चीज

प्रिय एर्सीलियाताई,

तुझ्या गुडघ्यांना देव आराम देवो. माझी तब्येत छान आहे. पोपसाहेबांनी डोक्यावर लाल टोपी ठेवली, मी कार्डिनल झालो. आईच्या फोटोला तेवढं सांग.

आता खरं ते लिहितो. टोपी मिळाली की संध्याकाळी नव्या कार्डिनलला भेटायला रांग लागते. लोक वाकतात, अंगठीचं चुंबन घेतात, पुढे सरकतात. पोपचा राजदूत म्हणून देशोदेशी माझा जन्म गेला. हात एकाच्या हातात आणि नजर त्याच्या मागच्यावर, ही सवयच झालीय. एक म्हातारा वाकला. मी गोड हसून विचारलं, "कुठल्या देशातून आलात?"

"तुमच्याच घरातून, साहेब," तो म्हणाला आणि रांगेबरोबर पुढे गेला.

आपला नाझारेनो होता गं तो. पाठचा भाऊ माझा! त्यानं मिशी काढली होती, असं कारण तुला देणार होतो. पण मी त्याचं तोंड बघितलंच नव्हतं. उठून मागे धावायचं, तर समोर कुणी मंत्री उभा राहिला आणि मी त्याच्याशी हवापाण्याचं बोलत बसलो.

खुर्चीपाशी चीज ठेवून गेलाय, तुझ्या निळ्या टॉवेलात बांधलेलं. गाठ सोडायला हात धजत नाही.

घरी काही बोलला का तो? मेंढ्या डोंगरावरून उतरल्या का?

नाताळ उरकला की येतो. दार त्यालाच उघडू दे. आणि आत घेण्याआधी त्यानं मला विचारू दे, कुठल्या देशातून आलात?

तुझाच, अजून असलो तर,
एजीदियो