सासूबाई पुढच्या सीटवर

आदरणीय विहीणबाई मेलानिया ओस्तापिव्ना यांना,

मोत्र्याचा वाकून नमस्कार. (वाकणं आपलं कागदावर, माझा गुडघा तुम्हाला माहीतच आहे.) आपली तब्येत, आपला रक्तदाब आणि आयर्लंडच्या पावसाने धरलेली आपली कंबर आता कशी आहे ते कळवावं. सूनबाई सोलोमियाला माझे आशीर्वाद. झ्लाताचे पुढचे दात आले का? फोनवर ती हसताना तोंडावर हात धरते, त्यामुळे आजीला काही दिसत नाही. इकडे गावात सगळं ठीक. वीज येते-जाते, कोंबड्या अंडी देतात, डोक्यावरून अधूनमधून ती रशियाची ड्रोनं, आपली ‘मोपेड’, घरघरत जातात आणि ओनिसिम आजोबा त्यांना ओट्यावरून काठी दाखवतात. दानिलोही बरा आहे, जिवंत आहे. हे वाक्य एकदा परत वाचा आणि मगच पुढे चला. फोन का केला नाही म्हणाल, तर तुमचा फोन कायम स्पीकरवर आणि सोलोमिया कायम शेजारी. म्हणून हे पत्र पोलंडच्या बसवाल्याकडे देतेय, तो तिकडे टपालात टाकेल. एकटीने वाचा. न्हाणीघरात कडी लावून वाचलंत तरी माझी काही हरकत नाही.

तर गाडी. तुम्ही दर शनिवारी तिकडच्या चौकात पावसात झेंडा घेऊन उभ्या राहिलात, वारेनिकीच्या उकडलेल्या करंज्या विकल्यात, अख्ख्या गावाला भंडावून सोडलंत आणि आपल्या दानिलोसाठी गाडी मिळवलीत, याबद्दल मी तुमचे आभार मानते. (मानले बरं का. नंतर म्हणू नका की वरमाईने साधे आभार मानले नाहीत.) त्याचं काम तुम्हाला सांगायला नको. जखमींना बाहेर काढायचं. आधीची गाडी अशी होती की कधीकधी पायाला लागलेला माणूस आत आणि हाताला लागलेला मागून ढकलायला. हे तो चेष्टेत सांगायचा, मला कधी हसू आलं नाही. तुमच्या तिकडच्या नगरसभेने ठराव केला, की रशियाचं तेल कुणीही घेऊ नये, त्याच्यावर दडपण वाढवावं आणि युक्रेनच्या पाठीशी उभं राहावं, त्याची प्रत तुम्ही पाठवलीत ती मी दुकानात वाचून दाखवली. मग ओनिसिम आजोबा म्हणाले, “चला, आता त्यांची काही धडगत नाही.” आजोबांचं मनावर घेऊ नका. जगभरचे लोक चिंता व्यक्त करतात त्याची कात्रणं ते जमवतात आणि म्हणतात की चिंतेवर गाडी चालत असती तर आपण एव्हाना समुद्र ओलांडला असता. पण तुमच्या ठरावाच्या मागोमाग खरोखरची गाडी आली तेव्हा सगळ्यांत आधी टोपी काढून उभे राहिले ते तेच.

गाडी घेऊन ती देणारा तुमचा मेंढीवाला डर्मट स्वतः आला. इतक्या लांबून, एकटा, मेंढ्यांचा वास असलेल्या गाडीत, आणि वर दार उघडून पहिल्यांदा माफी मागितली की वास येतोय. (त्याचं बोलणं तो फोनला सांगायचा आणि फोन आम्हाला.) माणूस सोन्यासारखा, पण विहीणबाई, तुम्ही मला एक गोष्ट सांगितली नव्हतीत. स्टेअरिंग उजवीकडे! तुम्हाला तिथे राहून सवय झाली असेल, आम्हाला इथे धक्काच बसला. दानिलो दोन दिवसांची रजा घेऊन आला होता, सोबत त्याचा जोडीदार युखीम. तो म्हणाला, “अर्ध्या फौजेकडे असल्याच गाड्या आहेत, आई, चालतं.” पण पाद्री येव्हेन यांना हे कुणी सांगायचं? ते नेहमीसारखे डाव्या दाराशी गेले, डोळे मिटले, चालवणाऱ्याच्या रक्षणाची अख्खी प्रार्थना म्हटली आणि बादलीभर पवित्र पाणी कुंचल्याने डाव्या सीटवर ओतलं. सीट भिजून चिंब. दानिलो पलीकडे उजवीकडे बसलेला, कोरडा ठणठणीत. मी म्हटलं, फादर, माझा मुलगा तिकडे आहे, तुम्ही आशीर्वाद कुणाला दिलात? ते म्हणाले, देवाला डावं-उजवं कळतं. मी म्हटलं, देवाला कळतं, तुम्हाला कळलं नाही त्याचं काय! शेवटी बादलीच्या तळाशी राहिलेलं चुळकाभर पाणी त्यांनी उजवीकडे शिंपडलं. ते बहुतेक माझ्यावरच उडालं.

मग जेवण. मी दोन दिवस खपत होते. बिटाच्या बोर्शमध्ये डुकराची बरगडी, वारेनिकीवर परतलेल्या चरबीच्या कुरकुरीत कवड्या, कोबीच्या पानात खिमा, डुकराच्या चरबीचं पांढरं शुभ्र सालो लसूण घालून. आणि पाहुणा फोनला काहीतरी पुटपुटला, फोन म्हणाला, “मी मांस खात नाही.” मेंढ्या पाळणारा माणूस मांस खात नाही! ओनिसिम आजोबांनी विचारलं, मग मेंढ्यांशी काय गप्पा मारतो का? मी तर हातपाय गाळून बसले. पाहुणा एवढ्या लांबून आपल्या मुलासाठी गाडी घेऊन यावा आणि माझ्या टेबलावरून पाव खाऊन उपाशी उठावा! आता पुढचं शांतपणे वाचा. तुम्ही गेल्या हिवाळ्यात जाताना घराची किल्ली माझ्याकडे दिलीत ती फक्त पाण्याचे पाइप गोठले का ते बघायला, हे मला मान्य आहे. पण मी तुमचं तळघर उघडलं. तुमचे ते आंबवलेले टोमॅटो काढले, तीन लिटरच्या बरणीतले, भरपूर शेपू घातलेले. डर्मटने एक खाल्ला, दुसरा खाल्ला, मग बरणीच पुढे ओढली. शेवटी खार प्याला. फोनला म्हणाला, आयुष्यात असं काही खाल्लं नाही. माझ्या अठरा पदार्थांसमोर, विहीणबाई! मी हसले. कशी हसले ते माझं मला माहीत.

आता आपल्यात रिकामं भांडं परत जात नाही हे डर्मटला कोण सांगणार? त्याची गाडी म्हणजे भांडंच की. गावाने भरायला घेतली. डर्मट परत बसने जाणार होता तरी त्याच्या गळ्यात माळ घातल्यासारख्या सुक्या मशरूमच्या दोन माळा घातल्या, आणि गाडी दानिलोसाठी भरली, बटाटे, मध, विणलेले मोजे, तुमच्या आणखी तीन बरण्या. दानिलो चिडला. “आई, ही जखमींची गाडी आहे, लग्नाच्या वऱ्हाडाची नाही!” असं म्हणून त्याने सगळं उतरवलं, मोजे तेवढे ठेवले. मी त्याच्याशी बोलले नाही, नुसता क्रॉस काढून निरोप दिला. रिकामी गाडी पाठवली ही रुखरुख मला जेवू देईना. आठवड्याने मी बरण्या उशांत गुंडाळून पार्सलने पाठवल्या. आई कुणाची ऐकते का?

पार्सल घ्यायला तो आणि युखीम गाडीने आघाडीच्या मागच्या शहरात आले. मागे स्ट्रेचर, औषधांच्या पेट्या, त्यामुळे बरण्या ठेवायला जागा एकच, पुढची डावी सीट. काच फुटली तर आई जीव घेईल म्हणून त्याने तिन्ही बरण्या एकावर एक उशांत खोचल्या आणि त्यांना सीटबेल्ट लावला. युखीमला मागे स्ट्रेचरवर बसावं लागलं. त्याने काय काय शिव्या दिल्या त्या मी लिहीत नाही, पाद्रींच्या मुलाला शोभत नाहीत (हो, पाद्री येव्हेन यांचाच धाकटा, तुमच्या लक्षात नसेल तर). सूड म्हणून त्याने आपली टोपी सगळ्यांत वरच्या बरणीवर चढवली आणि आपलं जाकीट उशांना घातलं. दानिलोने बघितलं आणि म्हणाला, “अरे, या तर सासूबाई!” म्हणजे तुम्ही. राग मानू नका, प्रेमाने म्हणाला. नाक्यावरचा शिपाई नेहमीप्रमाणे डाव्या खिडकीशी आला आणि बरणीला म्हणाला, कागद दाखवा. दानिलो पलीकडून म्हणाला, “साहेब, त्या बोलत नाहीत, जावयावर रुसल्यात.” शिपाई इतका हसला की त्याने कागद पाहिलेच नाहीत. हे सगळं दानिलोने मला फोनवर सांगितलं, तेव्हा ते शेवटच्या रस्त्याला लागत होते. आई, तुझं भांडं भरून चाललंय, आता तरी जेव, म्हणाला.

त्याच रस्त्यावर ड्रोन आलं. विहीणबाई, हे लिहायलाच मी हे पत्र घेऊन बसले आणि बघा, बोर्शपासून सुरुवात केली. ते उडवणाऱ्याने आपल्या हिशेबाने ड्रायव्हरवरच नेम धरला, डाव्या सीटवर, टोपी घातलेल्या माणसावर. नेम अचूक होता. सासूबाई गेल्या, तिन्ही बरण्यांसकट. गाडी खड्ड्यात गेली आणि मग जळाली. त्याआधी युखीमने दानिलोला ओढून बाहेर काढलं. रोज युखीम बसायचा त्या सीटवर त्या दिवशी बरण्या होत्या म्हणून ओढायला तो शिल्लक होता. मागून दुसरी गाडी आली, त्यातल्या डॉक्टरपोरीने दानिलोला पाहिलं, नखशिखांत लाल. तिने जाकीट फाडलं, शर्ट फाडला, जखम शोधते आहे, सापडत नाही, इतकं रक्त येतं कुठून? मग थांबली, हुंगलं आणि ओरडली, “अरे, याला शेपूचा वास येतोय!” दानिलोच्या खांद्याजवळचं हाड मोडलं आहे, गालात काच गेली होती ती काढली, डाव्या कानाने सध्या ऐकू येत नाही, थोडं परत येईल म्हणतात. बाकी पोरगा अख्खा आहे. मी इस्पितळात जाऊन त्याला हात लावून आले. पाद्री येव्हेन यांनाही सांगितलं. ते चर्चमध्ये जाऊन बराच वेळ डाव्या भिंतीकडे तोंड करून बसले. त्यांच्या पाण्याला मी नावं ठेवली होती. माझे शब्द मी मागे घेतले.

बाकी विशेष काही नाही. गाय व्याली, कालवड आहे.

आपली विहीण,
मोत्र्या

ता. क. सोलोमियाला तुम्ही सांगा. दानिलोने तिला थाप मारली आहे की प्रशिक्षणाला गेलोय, तिथे व्हिडिओ लागत नाही. पोरगी हुशार आहे, असं कुठलं प्रशिक्षण असतं ते तिला कळतं, रात्रभर जागत असेल. आधी ‘जिवंत आहे’ म्हणा, मग ‘हातपाय शाबूत आहेत’, मग कान. टोमॅटोचं सगळ्यांत शेवटी सांगा. मी सांगितलं असतं, पण मी आधी रडले असते.

आणखी एक ता. क. हाड जुळलं की तो परत जाणार. मी नको म्हटलं, त्याने बरा कानही हाताने झाकला. तेव्हा गाडी लागेल. तुम्ही लिहिलंत की गेल्या शनिवारी चौकात चार माणसं आणि एक कुत्रा होता, लोक थकले. थकणारच, आम्हीही थकलो. त्यांना रागावू नका, पण घरीही जाऊ देऊ नका. त्यांना सांगा, मेंढ्यांच्या वासाच्या त्या गाडीतून बाहेर काढलेल्या जखमींपैकी एक जण इकडच्या आपल्याच जिल्ह्यातला आहे. त्याची आई मला फोन करते, रडते, आणि मग बीट कितीचे झाले ते विचारते. डर्मटला सांगा, गाडी वाया गेली नाही. आणि काही झालं तरी स्टेअरिंग उजवीकडेच हवं.

शेवटचा ता. क. खरं काम हे. तुमच्या टोमॅटोत मीठ कमी असतं, हे मी लग्नापासून गावभर सांगत आले, तुमच्या कानावर आलं असेलच. दानिलो म्हणतो, शुद्धीवर आलो तेव्हा ओठ चाटले, पहिलं कळलं की जिवंत आहे आणि दुसरं कळलं की मीठ कमीच आहे. तेव्हा मी खोटं बोलत नव्हते. पण नव्या गाडीत पुढच्या सीटवर त्याला सासूबाईच हव्यात, युखीम तर त्याशिवाय गाडीत चढायलाच तयार नाही. तुमच्या परसात मी तुमच्याच बियांचे टोमॅटो लावलेत, महिन्याभरात लाल होतील. कसे घालायचे ते लिहून पाठवा, शेपू किती, लसूण किती. मीठही तुम्ही सांगाल तेवढंच. देवाशपथ, एक चिमूटही वाढवणार नाही.