कोणता मजला, बाई?

सोमवार, ता. १५

चि. सौ. ठकीस, मावशीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पाहून दचकू नकोस, माझी तब्येत ठणठणीत आहे. सुट्ट्यांची गर्दी सुरू झाली. शनिवारी सकाळी आमच्या दुकानाच्या दर्शनी काचांवरचे पडदे निघाले आणि दरवर्षीसारखं सगळं गाव काचेला नाक चिकटवून उभं राहिलं. यंदा यंत्रावर हलणाऱ्या कापडी अस्वलांचा बँड आहे. ढोलवालं अस्वल दुपारीच अडलं, तेव्हा सजावटवाले मास्तर तोंडात टाचण्या धरून त्याच्या पाठीत शिरले होते. पोरांना तोच खेळ जास्त आवडला. माझ्या लिफ्टच्या पितळेला पॉलिश झालं आणि मला नवा लाल कोट मिळाला. तो तू पाहिलासच.

काल तुम्ही सगळे आलात. निळा रंग तुला शोभतो हो. जावईबापू फोटोपेक्षा समोर बरे दिसतात. मी सवयीने कोणता मजला, बाई, असं विचारलं, आणि तू माझ्या कोटाच्या बटणाकडे बघत तिसरा म्हणालीस.

मला आपला जुना खेळ आठवला. तुझी आई गेल्यावर सुट्टीत तुम्हा भावंडांना बघणार कोण, म्हणून मी तुम्हाला खेळण्यांच्या मजल्यावर आणून सोडायची. कामावर पोरं आणलेली साहेबांना खपत नसत, म्हणून ठरलं होतं की लिफ्टमध्ये जो ओळख दाखवील तो हरला. धाकटा पहिला मजला यायच्या आत मावशी म्हणून पायाला मिठी मारायचा. तू मात्र छताकडे बघत राहायचीस, ओठसुद्धा हलायचा नाही. कालही तूच जिंकलीस.

जावईबापूंना आशीर्वाद सांग. माया आहेच, ती तशीच राहू दे.

तुझी मावशी

गुरुवार, ता. १८

ती. मावशीस, ठकीचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र वाचून मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार शिव्या घातल्या असत्यास तर बरं वाटलं असतं. तू माझ्या साडीचं कौतुक केलंस.

लग्न ठरताना यांच्याकडे विचारलं की माहेरी कोण असतं. मावशी त्या मोठ्या दुकानात मोठ्या हुद्द्यावर आहे, असं मी बोलून गेले. पुढे लग्न ऐन सुट्ट्यांत लागलं, तुला रजा मिळाली नाही, आणि आता खोटं कशाला बोलू, मला सुटल्यासारखं वाटलं. रविवारी तुझी पाळी नसेल अशी माझी समजूत होती. दार उघडलं, लाल कोट दिसला आणि तोंडातून फक्त तिसरा एवढंच निघालं. वर सासूबाई स्वेटर निवडत होत्या, तेव्हा मी खेळण्यांपाशी उभी राहून रडले. यांनी त्याचा भलताच अर्थ लावला. तेव्हापासून मला घरात बादलीसुद्धा उचलू देत नाहीत.

अजून एक सांगायचं राहिलं. परत जाताना लिफ्टला गर्दी आहे असं सांगून मी सगळ्यांना जिन्याने उतरवलं. सासूबाईंचे गुडघे दुखतात, तरी उतरवलं. मला माझीच किळस येते. घरी सांगणार आहे, पण सुट्ट्या संपू देत. घर पाहुण्यांनी भरलं आहे.

रागव, पण तोडू नकोस.

तुझी ठकी

शनिवार, ता. २०

चि. सौ. ठकीस आशीर्वाद.

सुट्ट्या संपेपर्यंत थांबायला आता सवड नाही. काल तुझ्या सासूबाई एकट्या आल्या होत्या, स्वेटर बदलून घ्यायला. लिफ्टमध्ये आम्ही दोघीच. त्यांनी विचारलं, आमच्या सुनेच्या मावशी इथे अधिकारी आहेत, त्या कुठे भेटतील? पोरीला चांगलं वळण लावलंय, त्या बाईंना एकदा हात जोडायचे आहेत, म्हणाल्या. ठके, त्यांच्या हाताएवढ्या अंतरावर मी उभी होते. आणि मी म्हणाले, त्या रजेवर आहेत.

माझ्याच तोंडाने मी मला रजेवर पाठवलं. तुझी लाज राखायला गेले आणि माझी घालवून बसले. इतकी वर्षं हा कोट घातला, कधी मान खाली गेली नाही. काल घरी येऊन तो काढताना आरशात बघवेना. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण तू झाकलीस ती मूठ माझी होती, ग.

सासूबाई येत्या २८ तारखेच्या रविवारी पुन्हा येणार आहेत. दुसऱ्यांदा माझ्याने खोटं बोलवणार नाही. आणि खेळाच्या आड लपू नकोस, तो लहान पोरांसाठी होता. त्याआधी तू सांग, नाहीतर मी सांगेन.

मायेत उणं नाही. पण या वेळी हट्ट माझा.

तुझी मावशी

बुधवार, ता. २४

ती. मावशीस शि. सा. नमस्कार.

सांगितलं. काल रात्री जेवणं झाल्यावर, पाहुण्यांच्या देखत, कारण एकांतात सांगायला गेले असते तर पुन्हा काहीतरी गोड करून सांगितलं असतं. हे उठून बाहेर गेले. सासूबाईंना आधी नीट कळेचना. मग अधिकारी नाही तर ती बसते तरी कुठे, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, बसत नाही, दिवसभर उभी असते. बोलता बोलता माझंच मला कळलं की तुझे पाय दुखतात का, हे मी जन्मात कधी विचारलेलं नाही.

सासूबाई उठून आत गेल्या. मला वाटलं, संपलं. सकाळी त्या म्हणाल्या, पत्र संपलं की माझ्याकडे दे, खाली मी स्वतः चार ओळी लिहिणार आहे. मला त्या वाचू देणार नाहीत. काय असेल ते मला कबूल आहे. हेही मघाशी परत आले. रविवारी आम्ही तिघं येतो.

तुझ्या पायांशी जागा असू दे.

तुझी ठकी

ता. क.

विहीणबाईंना नमस्कार.

सुनेला आठवत नसेल, किंवा ती सांगणार नाही, म्हणून मी सांगते. त्या रविवारी लिफ्टमध्ये शिरताना मी तुमच्या तोंडाकडेही न बघता म्हणाले होते की ए, आता आणखी माणसं कोंबू नकोस, दार ओढ. तुम्ही दार ओढलंत, आणि मग तिला मजला विचारलात. सासूच्या तोंडून ते ऐकल्यावर त्या पोरीने तुम्हाला मावशी म्हणायची छाती आणावी कुठून? रविवारी तिच्या आधी मी बोलेन.

तुमची विहीण