पोमफ्रेटसाहेबांची काच

लंडन, फेब्रुवारी १९१८

तीर्थस्वरूप ऑगस्टा मावशीस,

हेटीचा गुडघे वाकवून नमस्कार. (दिवसभर शिडीवर उभं राहून ते वाकत नाहीत, पण वाकले असं तू धर.) तुझा दमा कसा आहे? कोंबड्या अंडी देतात ना? इथे अंडं नुसतं बघायला मिळालं तरी आम्ही शेजारणीला बोलावतो.

मी मजेत. मजेत म्हणजे, पुरुषाची विजार घालून दुकानांच्या काचा पुसते. हे काम करणारा आल्बर्ट फ्रान्सला लढायला गेला आणि त्याची शिडी, बादली आणि त्याच्या तोंडच्या शिव्या, सगळं माझ्या वाट्याला आलं. पहिलंच दुकान कोणाचं मिळावं? कापडवाले पोमफ्रेट! हो, तेच. सहा वर्षांपूर्वी बायकांना मताचा हक्क द्या म्हणत आम्ही दगड घेऊन निघालो होतो, तेव्हा ज्यांची काच फोडून मी दोन महिने तुरुंगातली लापशी गिळली, तेच. त्यांनी मला ओळखलं नाही. (कोर्टात मी टोपीच्या जाळीआड होते, आणि आता विजारीतल्या बाईच्या तोंडाकडे बघतंय कोण?) रोज सकाळी मी ती नवी काच घासते आणि ते खाली उभे राहून जुनी फोडणाऱ्या 'त्या भवानी'च्या नावानं बोटं मोडतात. मीही वरून मान डोलावते. पोटाचा प्रश्न आहे गं. यांनी हाकललं तर या रस्त्यावर मला कोणी बादली टेकवू देणार नाही.

परवा मात्र डोकंच फिरलं. सरकारनं मताचा हक्क दिला, तोही फक्त तिशी उलटलेल्या बायकांना! मी सव्वीसची. पोमफ्रेट म्हणतात, "बघ हेटी, पोरींना अक्कल नसते हे सरकारलाही पटलं." म्हणजे कारखान्यात तोफगोळ्यांत दारू भरून कातडी पिवळीजर्द पडलेल्या पोरी, ट्राममध्ये तिकिटं देणाऱ्या पोरी, शिडीवरची मी, सगळ्या बिनअकलेच्या! तरातरा खाली उतरले आणि म्हटलं, "तुमची काच मीच फोडली होती."

मावशी, तो माणूस डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला! "चल, काहीतरीच! रस्त्यापलीकडून? बाईचा नेम इतका सरळ असतो होय? कोणा बाप्यानंच झगा घालून मारला असणार तो दगड." आता येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला हा विनोद ऐकवतात, मला बोटानं दाखवून. नोकरी राहिली, पण अब्रू गेली की गं! तुरुंगात मी काय हवा खायला गेले होते?

तुझीच,
हेटी

ता. क. रविवारी पोमफ्रेट तुमच्या गावी आपल्या बहिणीकडे येतायत. मी तुझी साक्ष काढली, तर "तुझ्या मावशीलाच विचारतो," म्हणालेत. तू पाद्र्याची विधवा, तुझा शब्द ते खोटा मानणार नाहीत. चहाबरोबर ठणकावून सांग, आमच्या हेटीनंच फोडली. नोकरी गेली तर गेली. मागची खोली तेवढी झाडून ठेव.

ता. क. २. एवढं मात्र बोलू नकोस. मी नेम धरला होता तो शेजारच्या टोपीवाल्याच्या काचेवर.