पहिली भाकरी तुझी

कोकिळा,

तू विहिरीवरून येशील तोवर मी धाडच्या एस.टी.त बसलेली असेन. रागावून गेले असं मनात आणू नकोस.

तुझ्या पोटातल्या गाठीचं ऑपरेशन बुलढाण्याच्या डॉक्टरांनी पुन्हा पुढं ढकललं. "बाईच्या अंगात रक्तच नाही, आधी खाऊ घाला," असं ते मला म्हणाले. मी तुला रोज जेव म्हणते आणि तू रोज म्हणतेस, "तुमच्याआधी मी कशी बसू, आत्याबाई?" माझे उपास काही या वयात सुटत नाहीत, आणि माझ्यासोबत तूही उपाशी राहतेस. परवा जेवले म्हणून खोटं सांगितलं, तर तू टोपल्यातल्या भाकरी मोजल्यास! म्हणून आता घरात मीच नको.

लोहाची गोळी जेवणावर घे, वर लगेच चहा पिऊ नकोस. शौचाला काळं होतं, त्याला भिऊन गोळी सोडू नकोस. परसात मेथी आली आहे, ती खुडून घे. जेवायला निवृत्तीची वाट पाहायची नाही. तो म्हणाला, "लोक हसतीन ना, माय." मी म्हटलं, "हसू दे. तुले बायको पाहिजे का लोक?"

भाऊ गेल्यापासून धाडचं माझं माहेरचं घर बंदच आहे. एकटीपुरती चूल पेटवायची मला सवय नाही, पण होईल. ऑपरेशनची तारीख मिळाली की कळव, मी येते.

चुलीवरची पहिली गरम भाकरी मला माझ्या सासूबाई गेल्यावर मिळाली. तुला तेवढं थांबायला लावायचं नाही.

तुझी आत्याबाई