हात न उगारता एकवीस किलोमीटर

१ सप्टेंबर २०२५, सोमवार
आजपासून रोजनिशी. निमित्त ऐतिहासिक आहे. जपानहून उर्वशीचा फोन. तिच्या गावात तेवीस नोव्हेंबरला हौशी लोकांची एकवीस किलोमीटरची शर्यत आहे आणि लेकीने माझं नाव घातलंय. वय वर्षे एकसष्ट! शुगरसाठी दोन वर्षं धावतेच आहे. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, पण अर्ध्यावर समाधान मानणं माझ्या स्वभावात नाही.
सहा वर्षांनी लेक भेटणार. नात प्रेरणा चार वर्षांची झाली, तिला मी अजून फोनच्या काचेतूनच पाहिलंय.
एक अट आहे. शर्यत होईपर्यंत मी कोणावरही हात उगारायचा नाही. जमलं तर डिसेंबरच्या सुट्टीत ती प्रेरणाला घेऊन इथे, आमच्या बोरी अरब गावी हुरडा खायला येईल. नाही जमलं तर नाही.
हसूच आलं. मी आणि हात! छत्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, तेही मायेने. सहा वर्षांपूर्वी जावयाच्या पाठीवर एक थाप दिली होती, तेच धरून बसलेत. चष्मा फुटला तो फरशीमुळे.
अंपायर म्हणून नणंद विमलताई. शेजारीच राहते. सगळं व्हॉट्सॲपवर कळवणार आहे.
स्कोअर: शून्य.

३ सप्टेंबर, पहाटे ५.१०
दारव्हा रोड, साडेतीन किलोमीटर. कुत्र्यांसाठी ह्यांची सागवानी काठी घेतली. ह्यांना सोबत चला म्हटलं. पांघरुणातूनच म्हणाले, "मले कायले नेतं? कुत्र्याईले सोबत लागत असंन तर सांग."
कुत्री तीन होती. एकाच्या बरगडीत बसली. दुसऱ्याच्या जबड्यावर, दात पडला बहुतेक. तिसरं शहाणं निघालं.
कुत्रा म्हणजे माणूस नाही. शून्य.

११ सप्टेंबर
मोटरसायकलवर दोन पोरं. मागचा ओरडला, "आजी, येष्टी सुटली काय?" काठी आपोआप आडवी झाली आणि चाकात गेली. दोघंही नालीत. एकाचा ओठ फाटला, दुसऱ्याच्या कोपराची सालटी निघाली. माझ्याच रुमालाने रक्त पुसलं, ओठ दाबून धरून बसले. किती कोवळी पोरं! रडू आलं मला.
अट हाताची आहे, काठीची नाही. उर्वशी इंजिनिअर आहे, शब्द मोजून वापरते. शून्य.

२१ सप्टेंबर, रविवार
कोच मिळाला. खेमसिंग, माझा जुना विद्यार्थी. रोडवर पंक्चरचं दुकान आहे. सायकलवर मागे राहून मोबाइलमध्ये टायमिंग घेतो. चाळिशी उलटली तरी मी समोर दिसले, की त्याचा डावा हात कानावर जातो आणि मान खांद्यात जाते. माझ्या सगळ्याच विद्यार्थ्यांचं असं आहे. आठवडी बाजारातून मी निघाले, की दोन्ही बाजूंनी हात कानावर. हल्ली असा आदर पाहायला मिळत नाही.
आम्हीही अशाच होतो. अमरावतीच्या कॉन्व्हेंट हॉस्टेलमध्ये सिस्टर फिलोमिना आल्या, की पट्टी दिसायच्या आधीच आमचे तळहात पुढे. त्यांच्या पट्टीला साबणाचा वास यायचा. मारून झालं, की स्वतः व्हॅसलीन लावायच्या. व्हॅसलीनची डबी उघडली, की अजून मला माझं बालपण भेटतं.

२६ सप्टेंबर
नियमावली वाचली. शर्यतीत दर पाच किलोमीटरला वेळेचं फाटक असतं. पाचला पंचेचाळीस मिनिटं, दहाला दीड तास, पंधराला सव्वादोन तास. एका सेकंदाचा जरी उशीर झाला, तरी दोरी आडवी करतात आणि बसमध्ये बसवून परत नेतात. जपानी शिस्त! सिस्टरांना आवडली असती.
आज दहा किलोमीटरला एक तास एक्कावन्न मिनिटं. कारणं: वारा, नवे मोजे, खेमसिंग. म्हणतो, "बाई, तुमी पळून राह्यल्या का कोनाची वाट पाहून राह्यल्या?"
पाण्याची बाटली हातातून सुटली. भरलेली होती. त्याच्या कपाळाला तीन टाके. व्हॅसलीन मीच लावलं.
फेकणं वेगळं, उगारणं वेगळं. शून्य.

५ ऑक्टोबर, सकाळी ७.३०
नीट उजाडलंही नव्हतं. तुरीतून रानडुक्कर निघालं ते थेट खेमसिंगच्या सायकलवर. तो खाली, सायकल त्याच्या अंगावर, पिंढरीतून रक्ताची धार आणि डुक्कर पुन्हा वळलेलं. मी काठी दोन्ही हातांनी धरली. पहिला घाव नाकाडावर. मग मोजले नाहीत. हाडाचा आवाज आला, काठीचे दोन तुकडे झाले, तरी हात थांबेना. डुक्कर केव्हाच पळालं होतं, मी बांधावरची झुडपं झोडपत होते. खेमसिंग किंचाळत होता, "बाई, गेलं ते! बाई, हा मी हावो, मी!"
शेवटचे दोन त्याला बसले असावेत.
गावाने शाल-नारळ देऊन सत्कार केला. ह्यांनी काठीचे दोन्ही तुकडे उचलून कोपऱ्यात ठेवले. हात कसा पिसासारखा हलका झालाय. शून्य.

१९ ऑक्टोबर, रविवार
विमलताईने खेमसिंगच्या टाक्यांचे फोटो काढलेत, उर्वशीला पाठवणार असं कळलं. गेले. ती चकल्या तळत होती. मी फक्त मोबाइल मागितला. दिला नाही. मी तिची वेणी धरली, तिने झारा उचलला. पुढचं नीट आठवत नाही. चकलीचं पीठ भिंतीवर होतं. तिच्या बांगड्या फुटून दोघींच्या हातांत रुतल्या होत्या. माझ्या मनगटावर तेलाचा फोड. शेवटी दोघी खाली बसून धापा टाकत होतो.
ती म्हणाली, "वयनी, तुमचा हात तुमच्या ताब्यात नाही. माह्या भाचीनं घर काहून सोडलं, इचारलं कदी?"
मी म्हटलं, नोकरीसाठी.
"हो. नोकरी तर तिले नागपुरातबी भेटली होती." मग माझ्या हातातली काच काढता काढता म्हणाली, "फोटो नाही धाडत. मलेबी पोरगी डोयानं पाहाची हाय. पन पळताना दोनी हातात काही तरी धरा बाप्पा. रिकामा हात लई वाईट तुमचा."
नणंदच ती, बोलणारच. वेणी ओढताना हात खांद्याच्या खाली होता. शून्य.

९ नोव्हेंबर
पंधरा किलोमीटर, काठीचा एकेक तुकडा एकेका हातात धरून. दोन तास एकतीस मिनिटं. खेमसिंग सायकलवरून लांबूनच टायमिंग सांगतो आता, वीस फुटांवरून. सव्वादोनचं फाटक सोळा मिनिटांनी हुकतंय. काळजी नाही. तिथल्या थंडीत सोळा मिनिटं अशी निघतील.

२१ नोव्हेंबर, जपान
काठीचे तुकडे नागपूरच्या विमानतळावरच काढून घेतले. तिथल्या मुलाला मी काहीही केलं नाही.
उर्वशीचं घर टुमदार. प्रेरणा दाराआडून एका डोळ्याने बघते. उर्वशीने चहा ठेवता ठेवता पाठमोरीच विचारलं, खरंच कोणाला नाही ना मारलंस? माणसाला, हाताने, एकदाही नाही, असं मी सांगितलं. खरंच आहे ते. ती वळली, तेव्हा तिचे डोळे भरलेले होते. म्हणाली, मग प्रेरणाला हुरडा भाजायला शिकवशील?
रात्री लॅपटॉपवर डिसेंबरची तिकिटं बघत बसली होती.

२३ नोव्हेंबर, रविवार, दुपारी ४
सगळं क्रमाने लिहिते.
सकाळी नऊला सुरुवात. दोन्ही हातांनी कमरेच्या पाऊचचा पट्टा घट्ट धरलेला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक ढोल वाजवत होते. काकडीच्या वेशातले एक आजोबा मला मागे टाकताना वाकून माफी मागून गेले. मी पट्टा सोडला नाही. पाचचं फाटक त्रेचाळीस मिनिटांत. दहाचं एक तास एकोणतीसमध्ये. आयुष्यात इतकी धावले नव्हते. दरेक पावलाला हुरडा, हुरडा म्हणत होते.
पंधराचं फाटक दिसलं, घड्याळही दिसलं. पांढरे हातमोजे घातलेला एक काटकुळा म्हातारा दोरी धरून उभा. माझ्या नाकासमोर त्याने दोरी आडवी केली. बारा सेकंद उशीर! फक्त बारा. आणि तो माफी मागत कमरेत वाकला.
पट्टा सुटला. हात खांद्यापर्यंत वर गेला. ही वही कोणी वाचत नाही म्हणून लिहिते, गेला. पण म्हातारा मान वर करीना. डोक्यावरचे विरळ केस माझ्यासमोर, आणि तो वाकलेलाच. छत्तीस वर्षांत अशी मान मी रिकामी सोडली नव्हती. हात तसाच हवेत राहिला. मग खाली आला. मग मीही वाकले.
स्कोअर: शून्य. पहिल्यांदाच पुढे काही स्पष्टीकरण लिहावं लागत नाही.
बसने शर्यत संपते त्या मैदानात सोडलं. कठड्यापलीकडे उर्वशी आणि प्रेरणा. मी ओरडतच पळाले, नाही मारलं गं, नाही मारलं! आणि लेकीचा गाल धरायला हात वर केला.
उर्वशीचा डावा हात कानावर गेला. मान खांद्यात. डोळे गच्च मिटलेले.
चौतीस वर्षांची आहे ती.
लगेच तिने केस मागे सारल्यासारखं केलं आणि हसली. म्हणाली, सवय गं आई, काही नाही. प्रेरणा खालून तिच्याकडे बघत होती. मग माझ्या हाताकडे.

२४ नोव्हेंबर
हुरड्याचं मी विचारलं नाही. तिकिटांचं पान बंद होतं.
आज सकाळपासून वारा, मोजे, प्रवासाचा शीण, सगळी कारणं काढून पाहिली. खेमसिंगही आठवला. बाजारही आठवला, दोन्ही बाजूंचा.
दुपारी प्रेरणा आपणहून जवळ आली. शर्यतीत लोक धावणाऱ्यांच्या हातावर टाळी देत होते, तशी तिला द्यायची होती. आजी, हात वर कर, म्हणाली.
मी नाही केला. खाली बसले. तळहात उताणा करून गुडघ्यावर ठेवला, सिस्टरांपुढे धरायचो तसा. तिने दोन पावलं मागे जाऊन सगळा जोर लावून मारली. चुरचुरलं. पुन्हा मारली.
उर्वशी दारात उभी राहून बघत होती. मी हात काढला नाही.